डावा कान लोणावळ्यापर्यंत

बॅटरी मोजायची माझी पट्टी रेल्वेची आहे. इअरबड्स नवे होते तेव्हा सव्वासातच्या डेक्कन क्वीनमध्ये कानात घातले की सीएसएमटीला उतरेपर्यंत वाजत, वर दादर सोडल्यावर आलेला एखादा फोनही निभावून नेत. दुसऱ्या वर्षी कल्याण मागे पडता पडता ती ‘बॅटरी लो’ म्हणणारी बाई कानात बोलू लागली. तिसऱ्या पावसाळ्यात डावा कान लोणावळ्यालाच जायला लागला. ऑम्लेटची बशी समोर यायची आणि डावीकडचा तबला बंद. उजवा मात्र ठाण्यापर्यंत ठणठणीत.

माझी आई या वस्तूंना चिंचोके म्हणते. आकार बघता तिचं काही चुकत नाही. तिच्या स्वतःच्या कानात श्रवणयंत्र आहे, त्यामुळे कानात काहीबाही घालून हिंडणाऱ्या माणसांबद्दल तिला आपुलकी आहे. पण ‘हौसेने बहिरं व्हायचं’ हे तिला पटत नाही. डावा चिंचोका लवकर मरतो म्हटल्यावर ती म्हणाली, “तू डाव्या कुशीवर झोपतोस ना, म्हणून.” याला शास्त्रीय आधार नाही, हे मी पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या शोधानंतर खात्रीने सांगू शकतो. मात्र झोपेचा संबंध आहे, तोही भलत्याच बाजूने. त्याकडे येतो.

आधी या चिंचोक्यात मुळात असतं किती ते बघू. अ‍ॅपलने सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ ची हेडफोनची खाच बुजवली आणि त्याच दिवशी एअरपॉड्स दाखवले. ते उघडून बघणाऱ्यांना प्रत्येक कानात ९३ मिलीवॅट-तासांची बॅटरी सापडली. हा आकडा असा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बला तो लावून बघितला. तेवढ्या विजेवर आपला बल्ब ३७ सेकंद जळेल. देवघरातली उदबत्ती पेटवून होईस्तोवर संपलं. आणि त्याच विजेवर तो चिंचोका ५ तास गाणी ऐकवतो, म्हणजे साधारण १८-१९ मिलीवॅटवर रेडिओ, संगणक आणि स्पीकर असा सगळा संसार चालवतो. बॅटरी लवकर उतरते म्हणून मी ज्याच्या नावाने खडे फोडत होतो, ते यंत्र असं कोंड्याचा मांडा करून खाणारं आहे. हे कळल्यावर माझा सूर जरा खाली आला.

हा काटकसरीपणा रेडिओपासून सुरू होतो. ब्लूटूथचं काम १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड गावी, एरिक्सन कंपनीत सुरू झालं. नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं, आणि तेही तात्पुरतं म्हणून सुचवलेलं. उद्देश फोनची वायर काढणं एवढाच होता. फोन आणि हेडफोन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत एकमेकांशी बोलतात, एका वाटेवर गर्दी असली तर दुसरीवर भेटतात. पण खरी बचत या उड्यांत नाही. बोलणं नसेल तेव्हा दोघे ठरवून झोपी जातात आणि ठरल्या क्षणी डोळा किलकिला करून ‘काही आहे का?’ एवढं विचारतात. गाणं चालू असतानासुद्धा फोन थोडा माल एकदम पाठवतो, बड तो साठवून ठेवतो, आणि तो वाजून होईतो रेडिओ गप्प. गाडी फलाटाला लागेपर्यंत मुटकुळं करून पडणाऱ्या हमालासारखं हे आहे.

म्हणून ही बॅटरी खाणारी गोष्ट गाणं नाहीच, बोलणं आहे. गाण्यात माल एकाच दिशेने येतो. फोन आला की माइक जागा होतो, आवाज तिकडून इकडे आणि इकडून तिकडे सतत, ठरल्या ठेक्याने जायला लागतो, साठवून डुलकी काढायची सोय उरत नाही. त्या पहिल्या एअरपॉड्सचा कंपनीचाच दावा बघा: गाणी ५ तास, बोलणं २ तास. करोनात दिवसभर मीटिंगा करून ‘हेडफोन खराब निघाला’ म्हणणारे माझ्या ओळखीचे निदान चार जण आहेत. हेडफोनचा काही दोष नव्हता, मीटिंगा जास्त होत्या.

बाहेरचा गोंगाट पुसून टाकण्याची सोयही अशीच जागती. अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात ती कल्पना सुचली असं सांगतात. माइकने बाहेरचा आवाज ऐकायचा, त्याचा उलटा आवाज तयार करायचा आणि दोघांची वजाबाकी करायची. ही वजाबाकी क्षणभरही थांबत नाही. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ या मोठ्या हेडफोनला ही सोय बंद असताना ४० तास मिळतात, चालू असताना ३०. शांततेचा भाव असा थेट तासांत मोजलेला मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

*

पण हे सगळं दोन्ही कानांना सारखंच लागू आहे. मग डावाच आधी का?

याचं उत्तर आपल्या डोक्यात आहे. म्हणजे खरोखरच डोक्यात. दोन कानांमध्ये अंतर वीतभरही नाही, पण मध्ये जे काही आहे त्यात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाणी शोषून घेतं. त्यामुळे या कानाने त्या कानाशी बोलणं हे खोलीच्या पलीकडच्या फोनशी बोलण्यापेक्षा अवघड जातं. सुरुवातीच्या, आणि आजच्याही बऱ्याच स्वस्त सेटमध्ये फोन फक्त एकाच बडशी बोलतो. तो मुख्य. तो दोन्ही कानांचा माल घेतो, आपला ठेवतो आणि दुसऱ्याचा डोक्यापलीकडे पोचवतो. फोनवर बोलताना माइकही बहुधा त्याचाच. घरातल्या थोरल्यासारखी त्याची अवस्था असते. काही कंपन्यांनी दोन बडांमध्ये रेडिओऐवजी चुंबकीय दुवा घातला, कारण चुंबकीय क्षेत्राला डोकं आडवं येत नाही. नंतरच्या चिपमध्ये दुसरा बड फोनचं बोलणं परस्पर चोरून ऐकतो. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओत तर फोन दोघांना वेगवेगळा माल देऊ शकतो. माझा सेट या सुधारणांच्या आधीचा, थोरल्या-धाकट्याच्या व्यवस्थेतला.

मुख्य कोण हे कसं ठरतं? बऱ्याच सेटमध्ये डबीतून जो आधी बाहेर येतो तो. मी डबी डाव्या हातात धरतो, उजव्या हाताने उघडतो आणि आधी डावा काढतो. तीन वर्षं असंच करत आलो, हे मला कुणी विचारीपर्यंत माहीत नव्हतं. मग वही केली. चार फेऱ्या नेहमीसारख्या, चार फेऱ्या मुद्दाम उजवा आधी काढून. उजवा आधी काढला तेव्हा डावा कर्जतपर्यंत गेला. म्हणजे लोणावळ्यापासून घाट उतरून खाली एवढाच फायदा. उजव्याचं ठाणं मात्र कल्याणवर आलं. थोरलेपणाचा भार खरा होता, पण सगळं दुखणं त्यात नव्हतं.

या वहीत टक्केही लिहायचे असं आधी ठरवलं होतं, ते दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं. माझा फोन १०० नंतर ९० दाखवतो, मग ८०. मध्ये काहीच नाही. त्याचं कारण गमतीचं आहे. हेडफोनने फोनला बॅटरी कळवण्यासाठी अ‍ॅपलने जी आज्ञा ठरवली, तिच्यात पातळी ० ते ९ अशी एका अंकात सांगायची असते. पुढे अँड्रॉइड फोनही तोच अंक वाचू लागले. दहाच पायऱ्यांचा जिना. वर हा अंक छोट्या यंत्रात बहुधा व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो. लिथियमच्या सेलचं व्होल्टेज भरलेला असताना ४.२, मग बराच काळ ३.७ च्या आसपास रेंगाळतं आणि शेवटी एकदम घसरतं. खंडाळ्याचा घाट जसा: आधी पठार, मग कडा. त्यामुळे ३० दाखवणारा बड पाच मिनिटांत मेला तर तो खोटं बोलत होता असं नाही, कडा त्याला स्वतःलाच दिसत नव्हता. सेल जुना झाला की त्याचा आतला विरोध वाढतो, आणि फोन आल्यावर जरा जास्त ओढ लागली की व्होल्टेज धपकन खाली येतं. गाणं चालतं, फोन उचलला की बंद, हे जुन्या सेलचं पक्कं लक्षण.

*

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नावापुरती तपकीर. आज तिथे नाकात जातो तो कथलाचा धूर. एका दुकानाच्या पुढच्या फळीवर, जेमतेम पाटाएवढ्या जागेत, पंचविशीतला एक मुलगा बसतो. भिंगाचा दिवा, चिमटे, दाढीच्या ब्लेडचे तुकडे, एक जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली एवढा त्याचा कारखाना. समोर नेकबँडचा ढीग होता. रिक्षावाले आणि डिलिव्हरीची पोरं नेकबँडच वापरतात, कारण त्यात मोठा सेल बसतो आणि तो बदलता येतो. दोन तारा, दोन डाग, काम संपलं.

मी डबी पुढे केली तसा तो म्हणाला, “बड्स नका आणू काका. नेकबँड आणा, दहा मिनिटांत देतो.”

“दुरुस्त नको करू. डावा आधी का मरतो एवढं सांग.”

हा प्रश्न त्याला आवडला असावा. त्याने डबी भिंगाखाली घेतली. डावीकडच्या खोबणीतल्या दोन स्प्रिंगच्या पिनांपैकी एक दबून बसली होती, वर येतच नव्हती. तिच्या बुडाशी हिरवट थर. घाम, पावसाळी दमट हवा आणि कानातला मळ, असं त्याने निःसंकोच सांगितलं. बडच्या पितळी ठिपक्यावरही तोच थर होता, नखाने खरवडला तर निघेना. मग त्याने मला विचारलं, “कधी असं झालंय का, की फोन उचलला आणि समोरच्याचा आवाज येईना, आणि आवाज डबीतून येतोय?”

झालं होतं. दोनदा. एकदा तर रात्री अकरा वाजता बहिणीचा फोन आला, मी हॅलो हॅलो करतोय आणि कपाटावरच्या डबीत बारीक आवाजात बहीण ओरडतेय. तेव्हा आम्ही हसलो होतो.

“काका, हा डबीत जातो, पण डबीत गेलोय हे त्याला कळतच नाही. रात्रभर जागा असतो.”

अशा सेटमध्ये पिनांवर व्होल्टेज आलं की बडला समजतं, आपण घरी पोचलो. मग तो फोनचा हात सोडतो, चार्ज घेतो आणि गाढ झोपतो. काहींत त्यासाठी झाकणात चुंबक आणि त्याला ओळखणारा सेन्सरही असतो. माझ्या डाव्याला पिन टेकत नव्हती तेव्हा तो डबीतही स्वतःला बाहेरच समजत होता. फोनला धरून, ‘काही आहे का?’ विचारत, रात्र काढत होता. झोपेचा संबंध म्हटलं तो हा. पहाटे मी सवयीने डबी बंदच्या बंद खिशात टाकायचो आणि गाडीत अर्धामुर्धा उतरलेला बड कानात घालायचो. एखाद्या रात्री पिन टेकायची, एखाद्या रात्री नाही. त्यामुळे दुखणं अनियमित, आणि अनियमित दुखण्याला माणूस आधी नशीब म्हणतो.

त्याने ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून पिन चोळली, चिमट्याने दोन-तीनदा दाबून मोकळी केली. मग माझ्या आग्रहावरून फळीखालच्या डब्यातला एक बेवारस बड उघडून दाखवला. आधी गरम हवा, मग जोडाच्या रेषेत ब्लेड. गोंद सुटताना प्लास्टिकची कड पांढरी पडली आणि एका बाजूने तुटली. आत कागदासारखी लवचीक पट्टी तीन घड्या घालून कोंबलेली, एक चकतीएवढा स्पीकर, आणि मध्ये कफाच्या बटणाएवढा सेल. त्यावर १२५४. म्हणजे रुंदी १२ मिलिमीटर, जाडी ५.४. गाडीच्या किल्लीत जो २०३२ सेल असतो त्याचाही अर्थ असाच लागतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मल्टिमीटर लावला: १.१ व्होल्ट. “हा गेला. दोनच्या खाली बराच काळ राहिला की मी हात लावत नाही.” नवा सेल मिळतो, पण त्याला पत्र्याच्या जिभा आधीच वेल्ड केलेल्या लागतात. सेलवर थेट डाग मारला तर उष्णतेने आतला पातळ पडदा वितळतो. आणि एवढं करून तुटलेली कड चिकटवणार कशी, घामापासून ती वाचणार कशी? “तुम्ही मजुरी द्याल हो. पण पंधरा दिवसांनी परत आणून माझ्याच डोक्यावर ठेवाल.”

बेवारस बडची कथा त्याने सांगितली ती या गल्लीत रोजची आहे. कुणीतरी दिवाळीत भेट दिली, कपाटात ठेवली, पुढच्या दिवाळीत काढली तर मेलेली. बंद डबी काही स्वस्थ बसलेली नसते. बड थोडे उतरले की ती त्यांना भरते, पुन्हा उतरले की पुन्हा भरते, असं करत स्वतः रिकामी होते. मग बड आपल्या जिवावर राहतात. सेलचं रक्षण करणारं सर्किट एका पातळीला पुरवठा तोडतं, पण सेल आतल्या आत झिरपतोच. फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि तिथून परत येणं धोक्याचं. नव्या सेटमध्ये बडच्या ठिपक्यांवर एक पारदर्शक चिकटपट्टी असते, ‘आधी ही काढा’ म्हणून. विकला जाईपर्यंत डबी आणि बड यांची भेटच होऊ द्यायची नाही, एवढ्यासाठी ती असते. आपण ती काढतो आणि मग डबी कपाटात टाकतो.

*

उरला माझ्या डाव्याचा तिसरा आजार, वय. तो उजव्यालाही आहेच. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली सोनीने, १९९१ मध्ये. तिच्यामागच्या कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनाचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्यांच्या सेलचं आयुष्य त्यांच्याइतकं नाही. पहिल्याच चार्जला आतल्या कार्बनवर एक पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. तो हवाच, नाहीतर सेल चालणार नाही. पण तो हळूहळू जाड होत जातो, आणि त्यात अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. सेल काठोकाठ भरलेला असेल आणि वर उष्णता असेल तर साय भराभर धरते. या डब्या करतात तेच: बडांना सतत १०० वर ठेवतात, खिशात अंगाच्या उबेत. काही कंपन्या आता ८० वर थांबून उरलेलं वापरायच्या वेळेआधी भरतात. आणि लिथियमचे सेल चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंश धरतात. चंद्रपूर, नागपूरकडच्या मे महिन्यात सावलीतला पारा तिथवर जातो. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या डबीचं काय होत असेल ते सांगायला नको.

शिवाय छोटेपणाची शिक्षा असते. असे सेल साधारण ३०० ते ५०० वेळा पुरते भरून उतरले की त्यांची ताकद ८० टक्क्यांवर येते. फोनचं दिवसाला एक आवर्तन. पण ५ तासांचा बड कुणी दिवसाला ८ तास वापरला तर दीडेक आवर्तन रोज. ५०० चा हिशेब वर्षाच्या आत संपला. वॉरंटीही बहुधा वर्षाचीच असते, हे मी नुसतं नोंदवून ठेवतो.

यात न सुटण्यासारखं काही आहे असं मात्र वाटत नाही. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये फेअरबड्स काढले. त्यात दोन्ही बडांचे आणि डबीचा, तिन्ही सेल घरच्या घरी बदलता येतात. म्हणजे गोंद ही भौतिकशास्त्राची अट नव्हती. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्याप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी मेलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मेल्यानंतरचं बघितलंय, मरू नये म्हणून काय याबद्दल मौन. तपकीर गल्लीतल्या त्या मुलाला मी युरोपचा कायदा सांगितला. त्याने एका नेकबँडला डाग मारत विचारलं, “मग ते बड्स इकडे पण येणार का?”

पिन साफ झाल्यावर डावा आता कर्जतच्या पुढे, नेरळपर्यंत जातो. लोणावळा आठवड्यातून कधीतरी.

तपकीर गल्लीतून त्या संध्याकाळी घरी आलो तर आईचं श्रवणयंत्र टीं टीं करत होतं. तिचा ३१२ नंबरचा सेल, तपकिरी चिकटपट्टीवाला, जस्त आणि हवेवर चालणारा. हवेतला प्राणवायूच त्याचं अर्धं रसायन, तो आत बाळगावा लागत नाही, म्हणून जेमतेम ८ मिलिमीटर रुंदीच्या बटणात १.४ व्होल्टने साधारण १७० एमएएच मावतात. त्या पहिल्या एअरपॉडच्या दुपटीहून जास्त ऊर्जा. तो पुन्हा भरता येत नाही, आणि पट्टी काढली की यंत्र वापरा न वापरा, हवा आत शिरून तो संपत जातो. आठ-दहा दिवसांनी नवा. यंत्र मात्र तेच, सहा वर्षं झाली.

मी तिला पिनेची, रात्रभर जाग्या राहणाऱ्या डाव्याची सगळी हकिगत सांगू लागलो. “थांब,” ती म्हणाली, “काही ऐकू येत नाहीये.” तिने जुना सेल नखाने काढून टेबलावर ठेवला, पाकिटातून नवा घेतला, पाठची पट्टी सोलली. पट्टी काढल्यावर हवा आत जायला मिनिटभर थांबायचं असतं, नाहीतर सेल लवकर मरतो, हे दुकानदाराने तिला एकदाच सांगितलं होतं. सेल तळहातावर ठेवून ती भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा बघत बसली. मीही गप्प बसलो.